पहिल्या हाकेला

१

पहिल्या हाकेला ओ देईल तो प्रणित कसला! भाग्यश्री ताट वाढून स्वयंपाकघरातून पहिली हाक मारायची ती नुसती सुरुवात म्हणून. दुसरीला आवाज चढायचा. तिसरीला उलथनं हातात यायचं, आणि मग गोठ्यामागून नाहीतर पेंढ्याच्या उडवीवरून वैतागलेला सूर ऐकू यायचा, "आलो ना गो आई!" एवढं बोलूनही स्वारी आपला वेळ घेऊनच यायची. सुदाम, म्हणजे प्रणितचा बाप, पहिली हाक ऐकली की हसून म्हणायचा, "अजून दोन बाकी हायत."

आटगाव स्टेशन सोडून तानसाच्या रस्त्याला लागलं की आतल्या अंगाला त्यांचं गाव. पुढे ओटी, मग मधली खोली, मागे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीला लागून भाताच्या गोण्या ठेवायची एक अंधारी कोठी, असं चार भिंतींचं सुटसुटीत घर. सुदाम हायवेवरच्या गोडाऊनमध्ये कामाला, पावसाळ्यात घरची भातशेती. भाग्यश्री ओटीवर मशीन टाकून गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, नवससायास करून झालेलं हे एकच पोर. त्यामुळे ती त्याच्यावर ओरडायची खूप आणि जीव त्याहून जास्त टाकायची.

तिचं माहेर मुरबाडकडचं, माळशेजच्या रस्त्यावरचं वैशाखरे. तिकडची एक सवय तिने सासरी आणली होती. लहान मूल घेऊन कुठूनही निघायचं झालं, लग्नाच्या मांडवातून, जत्रेतून, अगदी दवाखान्यातून, तरी आधी मुलाचा हात धरायचा, त्या जागेकडे तोंड करायचं आणि हाक मारायची, "चल रे प्रणित, घरा चल." मुलाने म्हणायचं, "आलो." मूल झोपलेलं असेल तर आईनेच त्याच्या वतीने म्हणायचं. मग पाऊल उचलायचं. चपला घातल्या का, पिशवी घेतली का, त्यातलाच हा प्रकार. या एका हाकेला प्रणित लगेच ओ द्यायचा, कारण हात आईच्या मुठीत असायचा आणि चिमटा काढायची सोय असायची. हात का धरायचा, हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं. मोठी माणसं करायची, तशी तीही करायची.

२

जानेवारीत चौथीच्या मुलांची सहल निघाली. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर. येताना माळशेज घाट उतरला की अंधार होणार, आणि रात्री गाडी चालवायची नाही असा दिपेश सरांचा नियम. म्हणून घाटाखालच्या एका वाडीत, तिथल्या समाजमंदिरात मुक्काम आणि सकाळी घरी.

प्रणित आईला सोडून एक रात्रही कुठे राहिला नव्हता. त्याला त्याचं काही नव्हतं, तो नव्या बुटांच्या नादात होता. भाग्यश्रीला मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. घर एवढंसं, पण त्या रात्री तिला ते मोठं वाटलं. पहाटे तिने उगाचच मधल्या खोलीत जाऊन त्याच्या गोधडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

सकाळी तिने सरांना फोन लावला. दिपेश सर तरणे, हसतमुख. म्हणाले, "निघतोच ताई. पाच मिनटांत गाडी हलेल. पोरं एकदम मजेत."

आणि तिच्या मनात आलं, आता हा तिथून निघणार आणि हाक कोण मारणार? आजवर अशी वेळच आली नव्हती. सरांना सांगावं तर ते हसतील. पण आईच्या जिवाला लाज कुठली!

"सर, फोन जरा स्पीकरवर टाकता का? पोराशी बोलाचा होता, एकच शब्द."

"टाकला ताई. बोला."

तिने गॅस बंद केला, फोन तोंडाशी धरला आणि मोठ्याने म्हणाली, "चल रे प्रणित, घरा चल!"

तिची हाक त्या रिकाम्या जागेत घुमली. ते घुमणं तिला फोनमधून परत ऐकू आलं. आणि ते विरायच्या आत, अगदी जवळून, स्वच्छ आवाज आला.

"आलो."

पहिल्याच हाकेला! घरची आठवण आली असणार माझ्या लेकराला, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

३

दुपारी तो आला तो नेहमीचाच प्रणित. घसा बसलेला, गुडघा फुटलेला, बुटांत वाळू. उंबऱ्यात तिने त्याच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्याने दप्तरातून आईसाठी ओझरहून आणलेला गुलाबी कंगवा काढला, आणि उरलेल्या पैशांचं काय केलंस म्हणून विचारल्यावर घराबाहेर धूम ठोकली. भाग्यश्रीला घर परत भरल्यासारखं वाटलं.

दिवेलागणीला तिने ताट वाढलं. "प्रणित, जेवाला चल!"

"आलो."

मधल्या खोलीतून. तिचा हात वरणाच्या भांड्यावर तसाच राहिला. मग तिला हसू आलं. सुदाम ओटीवरून म्हणाला, "ऐकलास का? सहलीचं पैसं वसूल झालं."

तिने वरण वाढलं, तूप वाढलं. कुणी आलं नाही. दाराचा पडदा बाजूला करून तिने मधल्या खोलीत पाहिलं. खोली रिकामी. टीव्ही बंद, गोधडीची घडी जागच्या जागी, कोठीचं दार लोटलेलं. आणि त्याच वेळी मागच्या दाराने प्रणित आत आला. केसांत पेंढा, हातात बोरं.

"आतून बाहेर कवा गेलास रे?"

"मी आत कवा होतो? मी उडवीवर होतो."

"मंग ओ कोनी दिली?"

त्याने एक बोर तोंडात टाकलं. "तू हाक मारलीस?"

लबाड आहे, ती मनात म्हणाली. कोठीच्या खिडकीतून उडी मारून पाठीमागून आला असेल. कोठीच्या खिडकीला गज होते, हे तिला जेवण झाल्यावर भांडी घासताना आठवलं.

४

त्या दिवसापासून प्रणित पहिल्या हाकेला ओ देऊ लागला. म्हणजे ओ यायची. प्रणित यायचा तेव्हा यायचा.

आवाज त्याचाच होता, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. फक्त त्यात वैताग नव्हता. हाक तोंडातून पुरी बाहेर पडते न पडते तोच तो यायचा, आणि यायचा तो घराच्या आतूनच. कधी मधल्या खोलीतून, कधी कोठीच्या दारामागून. भाग्यश्री काही भोळीभाबडी बाई नव्हती. बारावी झालेली, मोबाइलवर ब्लाउजचे नवे गळे शोधणारी. घराला पत्रा आहे, आवाज कुठून कुठे लागतो सांगता येत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत दिवसा टिकायची.

बाकी सगळे खूश होते. सुदाम सांगत सुटला, "पोरगा सुधारला." शेजारची गंगी म्हणाली, "आमच्या पोरालाबी धाडाला पायजे होता." पोर आज्ञाधारक झालं याची कुणी तक्रार करतं का? आणि केली तर ऐकणार कोण?

शहापूरच्या बाजारात तिला दिपेश सर भेटले. तेही खुशीत. "ताई, प्रणितमध्ये फरक पडलाय हं. आधी हजेरी घेताना त्याचं नाव तीनदा घ्यायला लागायचं. आता नाव घेतलं की लगेच 'हजर'. मान वर करत नाही, पण ओ देतो."

"सहलीपासूनच," ती म्हणाली. "त्या दिवशी फोनवर बघा ना, कसा पहिल्याच हाकेला बोलला."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं अडखळलं. "फोनवर? फोनवर प्रणित कुठे बोलला?"

"मी हाक मारली, तो 'आलो' बोलला..."

"तो आवाज तुमच्या घरातला नव्हता का?" सर म्हणाले. "ताई, पोरं सगळी तेव्हा गाडीत होती. प्रणित तर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, त्याला गाडी लागते म्हणून मीच बसवला होता. तुम्ही बोलायचं म्हणालात तेव्हा मला वाटलं, फोन घेऊन गाडीपाशी जाऊ, तेवढ्यात तुम्ही बोलूनही मोकळ्या झालात. हॉलमध्ये मी एकटाच होतो. सतरंज्या गुंडाळत होतो."

भाजीवाल्याने पिशवी पुढे केली तरी ती घ्यायचं तिला सुचेना.

५

त्या संध्याकाळी तिने प्रणितला उडवीजवळ गाठलं, शेजारी बसली आणि सरळ विचारलं.

"तू ओ देतोस का रे? खरा सांग. मी मारनार नाय."

"मी नाय देत," तो म्हणाला. "मी देईस्तोवर तो देतो."

"तो कोन?"

प्रणितने खांदे उडवले. पेंढ्याची काडी मोडत राहिला. "तूच बोलवलीस ना त्याला."

 "तू बघितलास त्याला?"

"नाय. आधी मला मज्जा वाटली. मला यायाला नको, तो जातो ना." मग म्हणाला, "आता तुझी हाक मला उशिरा येते गो आई. तलावाच्या पलीकडनं कोनतरी बोलवते तशी. तोपर्यंत त्याचा बोलून झालेला असतो."

दुसऱ्याच दिवशी तिने त्याला डॉक्टरकडे नेलं. कान तपासले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, लक्ष नसतं पोराचं. ते ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता.

पुढच्या दिवसांत तिने पाहिलं, आणि पाहावेना तरी पाहिलं. एकदा तिने मधल्या खोलीत ताट ठेवलं, सवयीने हाक गेली, "आलो" झालं, ती पाणी आणायला वळली. परत आली तर ताट साफ. मांजर म्हणावं तर मांजर मिरचीचं देठ ताटाच्या कडेला नीट काढून ठेवत नाही. प्रणितही ठेवत नाही, तो चार दिशांना उडवतो. मागच्या दारात उभा राहून प्रणित विचारत होता, "आई, मला भूक लागलीय. तू मला बोलवलीस का नाय?"

मग तिने हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं की ती जायची, त्याचा दंड धरून आणायची. पण जगाच्या तोंडाला कोण हात लावणार? सुदाम हाक मारायचा, शाळेत हजेरी व्हायची, मित्र खेळायला बोलवायचे. प्रत्येक हाकेला कुणीतरी चटकन ओ द्यायचं, आणि प्रत्येक हाकेगणिक प्रणित थोडा थोडा मागे राहायचा. गंगीचा पोरगा त्याच्या शेजारी उभा राहून त्याच्या नावाने ओरडला, आणि हा आपला मातीत रेघा ओढत बसलेला. मान वर केली नाही त्याने.  पोर डोळ्यांसमोर होतं, आणि ते तिच्या हातून जात होतं, आणि हे सांगायचं कुणाला? सुदामला सांगितलं तर तो म्हणाला, "भाग्या, झोप पुरी कर."

६

रविवारी माहेरी जाते म्हणून ती प्रणितला घेऊन निघाली. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव, तिथून माळशेजकडे जाणारी जीप. सगळ्या वाटेत तिने त्याचा हात सोडला नाही. हात सोडवायला तो धडपडत राहिला. कधी आपणहून हात देणारं पोर नव्हतंच ते. त्याचा हात धरायचा म्हणजे पकडावाच लागायचा.

वैशाखऱ्यात तिची आत्या जनाबाई ओटीवर वाल सोलत बसली होती. भाग्यश्रीने सगळं सांगितलं. जनाबाईने मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"हाक मारलीस तेव्हा हात धरला होतास?"

"आत्या, मी घरी, तो हितं. फोनवर मारली."

जनाबाईच्या हातातला वाल हातातच राहिला. "हात न धरता मारलीस? मंग ती हाक कोनालाबी लागते गो."

"आता काय करू?"

"बोलावलेल्याला हाकलता येत नाय. जिथनं आनला तिथं नेऊन सोडाचा. आत जा, हाक मार, तो ओ देईल. मंग हाक न मारता निघ. मागनं कायबी ऐकू आला तरी वळू नको." तिने प्रणितकडे पाहिलं. "आन पोराचा हात सोडू नको."

"तू सोडलायस का असा कोनाला?"

 आत्याने सोललेले वाल एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले आणि आत निघून गेली.

७

ती वाडी तिथून जवळच. भर दुपारची वेळ, माणसं रानात गेलेली. समाजमंदिर वाडीच्या टोकाला, पिवळ्या रंगाचं, उन्हात उभं. दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी. दार खाली बसलेलं, म्हणून ते एका हाताने उचलून धरायचं आणि दुसऱ्या हाताने कडी सरकवायची, तेव्हा ती सरके. उघडताना तिला ते कसंबसं एका हाताने जमलं. दुसऱ्या हातात प्रणितचं मनगट होतं.

आत गारवा होता आणि सतरंज्यांचा कुबट वास. खिडक्या बंद. पलीकडच्या टोकाला बुटका सिमेंटचा ओटा, त्यावर गुंडाळलेल्या सतरंज्यांचा ढीग. त्यांच्या पावलांचा आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत यायचा, आणि भाग्यश्रीला वाटलं, परत येणारी पावलं जरा जास्त आहेत. मोकळ्या जागेत असं होतंच, तिने स्वतःला बजावलं. 

"आई, घरी जाऊया," प्रणित हळूच म्हणाला.

"जायाचाच हाय राजा."

तिने मूठ आवळली आणि हाक मारली, "प्रणित!"

"आलो."

सतरंज्यांच्या ढिगामागून. फोनमधून आला होता तसाच, स्वच्छ आणि शहाणा आवाज. ढिगातली वरची सतरंजी थोडी खाली सरकली. कुणीतरी तिला धरून उठतंय, असं वाटलं. त्यापुढे ती थांबली नाही. प्रणितला ओढत दाराकडे धावली, दोघं उन्हात आली, तिने दार ओढलं.

दार बसेना. खांद्याने रेटलं, पायाने रेटलं. कडी भोकावर येईना. आत सिमेंटवर अनवाणी पावलं वाजत होती, सावकाश, घाई नसल्यासारखी. दोन्ही हातांशिवाय ते दार लागणार नव्हतं.

"ओढणी धर माझी," ती ओरडली. "घट्ट धर. सोडू नको!"

तिने त्याचं मनगट सोडलं. ओढणीला ओढ बसली. दोन्ही हातांनी तिने दार उचललं, ते तिच्या अंगावर कलंडलं, क्षणभर उघडंच राहिलं, तिने डोळे मिटून सगळा भार त्यावर टाकला. मध्येच ओढणी सैल झाल्यासारखी वाटली. कडी खाडकन बसली.

आणि एक छोटा हात आपणहून तिच्या हातात आला.

तिने तो पकडला आणि चालू लागली. पायवाट, बांध, आंब्याचं झाड. मागे दारावर थाप पडली. मग धडाधड थापा.

"आई! ओ आई! थांब ना गो!"

 एवढा त्याच्यासारखा! रागावलेला, मग रडवेला. "आई, मी हितं हाय! आई गो!" ती दात आवळून चालत राहिली. मागनं काहीही ऐकू आलं तरी वळायचं नाही. हातातला हात ऊबदार होता आणि त्याने तिची बोटं घट्ट धरली होती.

"वळू नको गो आई," शेजारून तो म्हणाला.

डांबरी रस्त्याला लागल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं. प्रणितच होता. तोच निळा स्वेटर, गुडघ्यावरची तीच खपली. तिने रस्त्यातच त्याला पोटाशी धरलं आणि मोठ्याने रडली. तो शांत उभा राहिला.

८

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला. उंबऱ्यात तिने त्याच्या पायावर पाणी घातलं. जीपमध्ये तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसला होता, गाडीही लागली नव्हती त्याला. दमलाय बिचारा, ती म्हणाली. घरात शिरून तिने मधल्या खोलीत, कोठीत दिवे लावून पाहिले. कुणी नव्हतं. घर हलकं वाटत होतं.

तिने भाकऱ्या केल्या, वालाचं बिरडं केलं. सुदाम ताटावर येऊन बसला. आता हाक मारायची होती. किती दिवसांनी! 

"प्रणित, जेवाला चल!"

ओ आली नाही.

तिने कान दिला. मधली खोली गप्प. कोठी गप्प. भाग्यश्रीला रडूच कोसळलं, आनंदाचं. ओढणीने डोळे पुसत तिने दुसरी हाक मारली, "प्रणित! ऐकू येत नाय का रे?"

पुन्हा शांत. सुदाम हसला. "अजून एक बाकी हाय."

तीही हसली. गेला, तो गेला, माझा प्रणित परत आला, असं मनात म्हणत ती उलथनं हातात घेऊन उठली. त्याला उडवीवरून कान धरून आणायचं सुख तिला हवं होतं. वाटेत मधल्या खोलीच्या दारावरचा पडदा कडेने जरासा सरकला होता, आणि त्या फटीतून तिला तो दिसला.

तो पडद्याच्या अगदी मागे उभा होता. तिच्यापासून हातभर अंतरावर. प्रार्थनेला उभं राहावं तसा, पाय जुळवून. एका हाताची दोन बोटं त्याने सरळ धरली होती आणि तिसरं अर्धं उचललेलं होतं. तोंड आधीच उघडलं होतं. तो वाट बघत होता.

 दुपारभर जे तिच्या अंगाला माहीत होतं आणि मनाने आत येऊ दिलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं. तो हात आपणहून आला होता. तिच्या पोराने जन्मात कधी आपणहून हात दिला नव्हता. ओढणी सैल झाली होती तेव्हा दार उघडं होतं आणि तिचे डोळे मिटलेले होते. आणि कडीच्या मागून जो ओरडत होता, त्याच्या आवाजात वैताग होता. थांब ना गो! त्या दुसऱ्याच्या आवाजात वैताग कधीच नव्हता.

"प्रणित, चल रे लवकर!" पाठीमागून सुदामने तिसरी हाक मारली.

"आलो ना गो आई!"

हाक बापाने मारली होती. सुदामच्या ते लक्षातही आलं नाही. पडदा सरकवून तो बाहेर आला, ताटावर बसला, मांडी नीट घातली. पहिला घास घेण्याआधी त्याने मिरचीचं देठ काढून ताटाच्या कडेला ठेवलं.

भाग्यश्रीने उलथनं खाली ठेवलं. बाहेर काळोख दाटला होता. घाटाखाली त्या हॉलमध्ये दिवा नव्हता हे तिने दुपारीच पाहिलं होतं. ती ओटीवर गेली आणि चपला शोधू लागली. डाव्या पायात उजवी चप्पल जात होती.

"या वेळेला कुठं निघालीस?" आतून सुदामने विचारलं.

"प्रणितला आनाला."

सुदामने तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या पोराकडे पाहिलं.  तो काही बोलायच्या आत ते पोर उठलं. हात धुतले, तोंड पुसलं, ओटीवर आलं आणि आपला हात तिच्या हातात दिला.

"थांब गो आई, मीपन येतो," तो म्हणाला. "तू तिथं हाक मार. मी ओ देतो."